हंड्यावरचं नाव

(दिंडीच्या शतकपूर्ती सोहळ्यात, काल्याच्या आदल्या रात्री केलेलं भाषण. पोरांनी मोबाईलवर भरून घेतलं, मग लिहून काढलं. आम्ही वाचून थोडंफार दुरुस्त केलं आहे.)





आज कीर्तन नाही. गळ्यात वीणा नाही, मागं टाळकरी नाहीत, म्हणून जरा अवघडल्यासारखं होतंय. कमिटीनं सांगितलं, दिंडीचा शंभर वर्षांचा इतिहास तुम्ही सांगा, महाराज, तुमच्याच घरातून दिंडी निघाली. आम्ही होय म्हणालो. इतिहास तर पाठच होता. चाळीस वर्षं कीर्तनात सांगत आलोय. पण ह्या वर्षात त्या इतिहासाचं काय झालं, तेच आज तुमच्यापुढं मांडायचं आहे. त्यात आमची चूक आहे, ती आधी कबूल करतो. मग पुढं बोलतो.

तुम्ही सगळ्यांनी आमच्या तोंडून ऐकलंय. शके १८४७ चा ज्येष्ठ महिना. आमच्या पणजोबांना पहाटे स्वप्न पडलं. पांडुरंग उशाशी येऊन उभा राहिला. पणजोबा उठले, नीरेत अंघोळ केली, वीणा गळ्यात घातली आणि अकरा टाळकरी घेऊन निघाले ते वाल्ह्याच्या मुक्कामी माऊलींच्या पालखीला जाऊन मिळाले. हे सांगताना आमच्या डोळ्यांत पाणी यायचं. तुमच्याही यायचं. आम्ही हे आजोबांच्या तोंडून ऐकलं, असं आम्हांला वाटत होतं.

पंढरपुरात आपल्या दिंडीच्या जागेवर संगमरवरी पाटी बसवायची ठरली. त्यावर संस्थापक म्हणून पणजोबांचं नाव, जन्माचं साल, मृत्यूचं साल. सालं पाहिजेत म्हणाले. आमच्याकडं सालं कुठली? आमची शाळा चौथीपर्यंत. वडिलांची तीही नाही. घरात कागद म्हणाल तर सातबारा आणि सोसायटीची पावती.

आमची नात बारावीला आहे. ती म्हणाली, "आबा, मोबाईलवर मिळंल." आम्ही हसलो. शंभर वर्षांपूर्वी मेलेला माणूस मोबाईलवर कसा मिळंल? तर तिनं दाखवलं. ते काय आहे ते नीट सांगतो, कारण तुमच्यातल्या प्रत्येकाच्या कामाचं आहे, आणि पैसा पडत नाही.

इंग्रजांच्या राज्यात गावोगाव जन्म आणि मरण लिहून ठेवायची पद्धत होती. त्याला गाव नमुना नंबर १४ म्हणतात. जुनी माणसं कोतवाल बुक म्हणायची. पोरगं झालं, माणूस गेलं, की ते गावच्या वहीत चढायचं. तारीख, नाव, बापाचं नाव, जात, वय, कशानं मेला. त्या वह्या पुढं तालुक्याला जमा झाल्या आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात गठ्ठे बांधून राहिल्या. उंदीर, वाळवी, गळकं छप्पर यांतून जे वाचलं ते वाचलं.

सन २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. त्या वेळी १९६७ च्या आधीचे कागद राज्यभर उघडले गेले. गाव नमुना १४, शाळेचे प्रवेश निर्गम उतारे, खासरा पत्रक, फेरफार, हक्कनोंदी, खरेदीखतं, आणि १९५१ च्या खानेसुमारीच्या वेळी घरवार केलेलं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर सुद्धा. जिथं कुणबी शब्द सापडला, ती पानं स्कॅन करून बऱ्याच जिल्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळांवर ठेवली. तालुका निवडायचा, गाव निवडायचं, पानं उघडतात. आरक्षणाचा विषय आम्ही इथं काढत नाही, ते आमचं काम नव्हे. पण त्या कामामुळं आपल्या पूर्वजांची नावं घरात बसून वाचायची सोय झाली, हे खरं आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. वहीचं पान काही एका जातीसाठी वेगळं नव्हतं. एकाच पानावर कुणबी, खाली रामोशी, खाली महार, खाली मुसलमान, मग सुतार, धनगर. मरण आलं त्या क्रमानं ओळीत बसलेले. आपल्या दिंडीत जसे चालतो तसे. त्यामुळं कुणब्यांसाठी स्कॅन केलेल्या पानावर सगळ्या गावाचे पूर्वज आहेत. हे वाचताना आम्हांला फार बरं वाटलं.

आता अडचण सांगतो. पान मोडीत. नात म्हणाली, "आबा, हे काय लिहिलंय?" आम्ही म्हटलं, आमच्या चौथीत मोडी नव्हती. पान बघितलं तर आधी आडवी रेघ ओढलेली आणि तिला लटकलेली अक्षरं. शब्द कुठं सुटतो कळत नाही. पूर्णविराम नाही. तालुक्याला एक निवृत्त गुरुजी आहेत, ते मोडी वाचतात. सरकारच्या पुराभिलेख खात्यातर्फे मोडीचे वर्ग चालतात, तिथं ते शिकलेले. त्यांच्याकडं आम्ही सहा आठवडे दर गुरुवारी जात होतो. त्यांनी पहिल्या दिवशी तीन शब्द शिकवले. तुम्हीही शिकून घ्या. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. वल्द म्हणजेही तेच. आणि बाईच्या नावापुढं कोम आला तर अमक्याची बायको. या तीन शब्दांवर सगळं घराणं उभं राहतं.

साल काढायची रीतही त्यांनीच सांगितली. शके असेल तर त्यात ७८ मिळवा, इसवी सन येतो. पौष-माघाची गोष्ट असेल आणि इंग्रजी वर्ष पालटलं असेल तर ७९. निजामाच्या मुलखातल्या कागदावर फसली साल असतं, तिकडं ढोबळ मानानं ५९० मिळवायचे. तिकडच्या पुष्कळ नोंदी उर्दूत आहेत, त्याला वेगळा वाचणारा लागतो.

जन्माची नोंद शोधायला गेलात तर पोराचं नाव शोधू नका. बहुतेक ठिकाणी ते नसतंच. बारसं व्हायच्या आधीच नोंद व्हायची. बापाचं नाव आणि पुढं मुलगा किंवा मुलगी. एवढंच. म्हणून बाप धरून जावं लागतं.

तर आम्ही पणजोबांना शोधायला लागलो. आम्ही समजत होतो ते १९४० च्या आसपास गेले असतील. तिथून मागं यायला लागलो. १९४०, ३९, ३८. काही वर्षांची पानंच नाहीत. नात म्हणाली, "आबा, उलट्या बाजूनं येऊ." म्हणून १९१० पासून पुढं आलो. आणि १९१८ च्या ऑक्टोबरच्या पानावर गुरुजींचं बोट थांबलं.

पणजोबांचं नाव. बिन म्हणून खापरपणजोबांचं नाव. जात कुणबी. वय ३०. कारण, ताप.

गुरुजी काही बोलले नाहीत. आम्हीही नाही. त्याच पानावर चार ओळी खाली पुन्हा पणजोबांचं नाव बाप म्हणून होतं, मुलगी, वय ५, ताप. पुढच्या पानावर पुन्हा, मुलगा, वय ३, ताप. आठवड्याच्या आत एकाच घरातली तीन माणसं.

माऊली, त्या वहीची एक गोष्ट सांगतो. आधीच्या वर्षांत महिन्याला दोन-चार मरणं लिहिलेली. एका पानात दोन-तीन महिने बसायचे. आणि त्या ऑक्टोबरात पानामागून पान भरलेलं. लिहिणाऱ्याचं अक्षर आधी ठसठशीत, मग बारीक, मग वाकडं, आणि मग अक्षरच पालटतं. दुसरा माणूस लिहायला लागलाय. पहिल्याचं काय झालं, ते पुढच्या पानावर आहे. त्याचं स्वतःचं नाव तिथं आहे.

ही मानमोडीची साथ. आपल्या आजीआजोबांच्या तोंडी हा शब्द होता. शहाणी माणसं तिला इन्फ्लुएंझा म्हणतात. पहिलं महायुद्ध संपत आलेलं, १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून ती आली. पहिली लाट हलकी गेली, पण सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी आली ती माणसं झोपवत गेली. त्याच साली पाऊस गेलेला. पोटाला नाही, गुरांना चारा नाही. म्हातारी वाचली आणि वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं जास्त गेली. हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या आसपास माणूस मेलं असं अभ्यासक सांगतात, काही जण त्याहून जास्त सांगतात. १९११ च्या खानेसुमारीत देशाची वस्ती २५ कोटी २० लाखांच्या वर होती, दहा वर्षांनी मोजली तर वाढायच्या जागी ती आठेक लाखांनी कमी भरली. इतक्या वर्षांच्या खानेसुमारीत वस्ती घटल्याचं हे एकच दशक आहे. हे आकडे नातीनं आम्हांला वाचून दाखवले. आकडा ऐकला तेव्हा काही वाटलं नाही. त्या पाच वर्षांच्या मुलीच्या ओळीवर मात्र आमचं बोट थरथरलं. तिचं नाव सुद्धा वहीत नाही. आमच्या घरात कोणाला ती झाली होती हेच माहीत नव्हतं.

आता हिशोब करा. पणजोबा १९१८ ला गेले. दिंडी निघाली शके १८४७ ला, म्हणजे १९२५. सात वर्षं आधी गेलेल्या माणसाला स्वप्न कसं पडंल?

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. चाळीस वर्षं गादीवर उभं राहून सांगितलं. लोकांनी पाया पडून ऐकलं. उठून बसलो, तांब्याभर पाणी प्यालो. घरातल्यांना काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी थोरल्या घरच्या आप्पांकडं गेलो. ते आमचे चुलतबंधू, वयानं मोठे, आता इथं पुढंच बसलेत, त्यांच्या परवानगीनं सांगतो. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "महाराज, अजून शोधा. एकाच नावाची दहा माणसं असतात गावात." हे बरोबर होतं. आम्ही पुन्हा शोधलं आणि खरंच सापडलं. १९३१ सालची नोंद. तेच नाव, तीच जात, तेच आडनाव, वय ६०. आप्पांचा चेहरा उजळला. "झालं की मग! हेच आपले. पाटीवर १९३१ घाला."

आमचंही मन तिकडंच ओढत होतं, खोटं कशाला सांगू? ती एक ओळ घेतली असती तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. स्वप्नही राहिलं असतं, पाटीही झाली असती. पण गुरुजींनी १९३१ च्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बिन वाचा." बापाचं नाव वेगळं होतं. आप्पा म्हणाले, "मोडी आहे, वाचण्यात चूक असंल." गुरुजी म्हणाले, "चूक असू शकते. मग कागदाला कागद लावून बघू. एका कागदावर घराणं ठरवू नये."

हे वाक्य आम्ही गाठीला बांधलं. तुम्हीही बांधा.

तहसीलला अर्ज केला. नक्कल फी भरली. तिथं पंधरा दिवसांनी जुना फेरफार मिळाला, १९१९ सालचा, वारसाचा. त्यात लिहिलेलं, मूळ खातेदार मयत, वारस मुलगा. मुलाच्या नावापुढं तीन अक्षरं, अ.पा.क. आणि पुढं आई. आम्ही शेतकरी माणूस, ही अक्षरं सातबाऱ्यावर पुष्कळदा बघितलेली, पण कधी अर्थ लावला नाही. अज्ञान पालन कर्ता. वारस अज्ञान आहे आणि त्याचं पालन आई करते. तो अज्ञान मुलगा म्हणजे आमचे आजोबा. तेव्हा तीन वर्षांचे. मूळ खातेदाराच्या नावापुढं बिन आणि खापरपणजोबांचंच नाव. जमीन तीच, जिच्यात आज आमचा ऊस आहे.

आता शंका उरली नाही. दिंडी निघाली तेव्हा पणजोबा नव्हते आणि आजोबा नऊ वर्षांचे होते. मग दिंडी काढली कोणी?

आपल्या दिंडीचा तांब्याचा मोठा हंडा तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. दर वर्षी ट्रकमध्ये तो आधी चढतो. त्याच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं आहे. पणजोबांचं नाव आणि शके १८४७. आम्ही कीर्तनात हा पुरावा म्हणून सांगायचो. नात म्हणाली, "आबा, हंडा बघू या." तिनं चिंच लावली, राखेनं घासला, एक सबंध दुपार घालवली. शंभर वर्षांची काजळी. पणजोबांच्या नावाच्या आधी अजून अक्षरं निघाली. आधी गं. भा. मग एका बाईचं नाव. मग कोम. आणि कोमच्या पुढं आम्ही आजवर वाचत होतो ते पणजोबांचं नाव.

म्हणजे हंडा पणजीनं दिलेला. विधवा बाईनं, नवऱ्याचं नाव आपल्या नावामागं लावून, रीतीप्रमाणं. आणि आम्ही काजळीच्या बाहेर जेवढं दिसलं तेवढंच वाचलं.

मग आम्हांला आठवलं. आमच्या घरात त्या हंड्याला काय म्हणतात? आईचा हंडा. आमचे आजोबा म्हणायचे, वडील म्हणायचे, आम्हीही म्हणतो. आईचा हंडा उतरवा, आईच्या हंड्याला कल्हई लावा. कुठली आई, असं आम्ही एकदाही विचारलं नाही.

आमची आत्या फलटणच्या बाजूला दिली आहे. आज तिचं वय ८८ आहे. आम्ही नातीला घेऊन तिच्याकडं गेलो. सगळं सांगितलं. आत्या ऐकून घेत होती, मग म्हणाली, "ह्यात नवीन काय? आईच न्यायची की दिंडी. मी तिच्या मांडीवर वाढले. नवरा आणि दोन लेकरं आठ दिवसांत गेली, उरलं एक, ते पांडुरंगाच्या पायावर घातलं आणि वारी धरली. सात वर्षं एकटी दुसऱ्यांच्या दिंडीत गेली. मग म्हणाली, घरधन्याच्या नावानं आपल्या गावची दिंडी काढायची." आम्ही विचारलं, "आत्या, तू कधी सांगितलं नाहीस?" ती म्हणाली, "तू कधी विचारलंस?"

माऊली, आम्ही सहा आठवडे मोडी वाचली, तहसीलला तीन खेपा घातल्या. आणि फलटणच्या एष्टीचं तिकीट काढून आत्याला विचारलं असतं तर चाळीस वर्षांपूर्वीच कळलं असतं. पण कागदानं गाठ घातली नसती तर आम्ही विचारायला गेलोच नसतो, हेही खरं.

आजोबा म्हणायचे, ही आमच्या वडलांची दिंडी. ते खोटं बोलत नव्हते. वडलांच्या नावानं काढलेली म्हणून वडलांची. स्वप्न मधेच कोणीतरी घातलं. बहुतेक आम्हीच घातलं असंल. कीर्तनात जरा रंग भरतो माणूस, आणि चार वर्षांनी तो रंग त्याला स्वतःलाच खरा वाटायला लागतो.

फेरफार आणखी एक गोष्ट सांगून गेला. १९१९ ला त्या खात्यावर सात एकर होतं. आजोबा सज्ञान झाले तेव्हाही सातच होतं. तिशीच्या आतली विधवा बाई, मांडीवर पोर, भाऊबंद चहूबाजूंनी. दुष्काळ झाला, सावकार होता, आणि वारीचा खर्चही होता. तरी एक गुंठा जमीन गेली नाही. पोराची जमीन पोराच्या हाती दिली आणि दिंडी वर काढली. आम्ही ज्या बांधावर बसून भाकरी खातो तो तिनं राखलेला आहे.

आता तुम्हांला काम सांगतो. ह्या शंभर वर्षांत आपल्या दिंडीत चाललेली कितीतरी घरं आहेत. त्यांच्या पूर्वजांची नावं आपल्याला माहीत नाहीत. ती काढा. कशी काढायची, ते आमच्या अनुभवावरून सांगतो.

आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. म्हाताऱ्या बाईजवळ आधी बसा. आत्या, मावशी, आजी, दुसऱ्या गावी दिलेल्या बहिणी, त्यांना जास्त माहीत असतं. नावं, गावं, कोण कोणत्या साथीत गेलं, कोण दुष्काळात मुंबईला गिरणीत गेलं, सगळं वहीत लिहा. आज लिहा. पुढच्या आषाढीला ते माणूस असंल असं धरून चालू नका.

मग घरातली भांडी बघा. हंडे, घागरी, पराती, समया. आपल्या बायकांची नावं सरकारी कागदात कमी आणि भांड्यावर जास्त आहेत.

मग शाळेत जा. जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरात आजोबा-वडलांची नावं, जन्मतारीख, गाव मिळतं. जन्मतारखेवर फार विसंबू नका, पुष्कळांची गुरुजींनी एक जून टाकलेली आहे.

मग पोरांना घेऊन मोबाईलवर बसा. जिल्ह्याच्या संकेतस्थळावरची पानं बघा. महाभूलेखवर सातबारा नुसता बघायला पैसे लागत नाहीत. त्यावरचे फेरफार क्रमांक लिहून घ्या, म्हणजे जुन्या फेरफाराचा माग लागतो. गाव केवढं होतं, किती घरं होती हे पाहिजे असेल तर जुनी गॅझेटिअर आणि खानेसुमारीची पुस्तकं सरकारनंच फुकट वाचायला ठेवली आहेत. पण खानेसुमारीत पूर्वजांचं नाव मिळंल म्हणून शोधत बसू नका. आपल्याकडं खानेसुमारीत माणसानं सांगितलेली माहिती कायद्यानं गुप्त असते. आकडे बाहेर येतात, नावं येत नाहीत. अमेरिकेत ७२ वर्षं झाली की नावांसकट कागद उघडतात, १९५० सालचे २०२२ मध्ये सगळ्यांना फुकट उघडे केले. विलायतेतली १८८१ ची नावंही फुकट बघायला मिळतात. ज्यांची माणसं पिढ्यांपूर्वी परदेशी गेली त्यांना ते उपयोगी. आपल्याला आपली कोतवालाची वही.

आणि तीर्थाच्या ठिकाणी उपाध्यायांना विसरू नका. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, इथं उपाध्यायांच्या घरी यात्रेकरूंच्या नामावळ्या आहेत. आपला पूर्वज क्रियाकर्माला गेला, की गाव आणि नाव चढलं. हरिद्वारच्या पंड्यांच्या पुष्कळ वह्यांचे फोटो अमेरिकेतल्या फॅमिलीसर्च नावाच्या संस्थेनं काढून घेतलेत. ती एका ख्रिस्ती पंथानं चालवलेली संस्था आहे, तिथं नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. आपल्या पूर्वजांच्या वह्या त्यांनी एवढ्या जपल्या, ह्याचं आम्हांला नवल वाटलं.

आता सावधगिरी. पहिली, नाव सारखं म्हणून माणूस आपला नव्हे. बिन बघा, गाव बघा, जमीन बघा, दोन कागद जुळले तरच धरा. दुसरी, वय अंदाजानं लिहिलेलं असतं. दोन-पाच वर्षं इकडंतिकडं होणार. तिसरी, नोंद मिळाली नाही म्हणजे माणूस झालाच नाही असं नव्हे. पानं हरवलेली आहेत. चौथी, पैसे घेऊन वंशावळ काढून देतो म्हणणारे भेटतील. त्यांना आधार कार्ड देऊ नका, मोबाईलवर आलेला नंबर सांगू नका. जी पानं फुकट आहेत ती फुकटच बघा. आणि पाचवी सगळ्यांत महत्त्वाची. त्या पानावर शेजारच्या घरचंही दिसतं. कोण कशानं गेलं, कोणाची जात काय लिहिलीय, कुठल्या घरात बापाच्या नावाची जागा मोकळी आहे. ते वाचून पारावर बोलू नये. वारकऱ्यानं दुसऱ्याचा पूर्वज आपल्याच पूर्वजासारखा जपावा.

आता शेवटचं. पाटीचं काय करायचं, ह्यावर कमिटीची बैठक झाली. आम्ही सगळे कागद मांडले. हंडा मध्ये ठेवला. काही मंडळी म्हणाली, बाईनं दिंडी काढली म्हणायचं, लोक काय म्हणतील? आम्ही म्हणालो, ज्या संप्रदायात मुक्ताई आहे, जनाबाई आहे, कान्होपात्रा आहे, बहिणाबाई आहे, त्यात हा प्रश्न कसा निघतो? तरी बैठक गप्पच होती. मग आप्पा उठले. आम्हांला वाटलं, आता ते १९३१ काढतात. ते हंड्याजवळ गेले, खाली बसले, चष्मा पुसला आणि बोटानं एक एक ठिपका चाचपत पणजीचं नाव वाचलं. मोठ्यानं वाचलं. म्हणाले, "माझ्या बापाला हिनंच दहा वर्षांचा होईपर्यंत सांभाळलं. पाटीवर हिचं घाला." आणि हंड्याला हात लावून पाया पडले.

त्यानंतर ठराव करायची गरजच पडली नाही.

म्हणून पंढरपूरच्या पाटीवर आता दोन नावं आहेत. वर पणजीचं, हंड्यावर आहे तसंच, कोमासकट. त्यात पणजोबांचं आपोआप आलं. पहिली वीणा कोणी धरली, अकरा टाळकरी होते की पाच, हे कुठल्या कागदात नाही, म्हणून पाटीवरही नाही आणि इथून पुढं आमच्या कीर्तनातही येणार नाही. आणि पाटीच्या खाली एक ओळ आहे, १९१८ च्या मानमोडीत गेलेल्या गावातल्या सर्व माणसांच्या स्मरणार्थ. त्यात ती पाच वर्षांची मुलगी आली, तीन वर्षांचा मुलगा आला, आणि वही लिहिता लिहिता गेलेला तो लिहिणाराही आला.

ह्या स्मरणिकेत शेवटी काही पानं मुद्दाम कोरी ठेवलेली आहेत. ती छापणाऱ्याची चूक नाही. तुमच्या घरातलं जे माणूस आपल्या दिंडीत पहिल्यांदा चाललं, त्याचं नाव तिथं लिहायचं. बाई असेल तर बाईचं लिहायचं. दोन कागद जुळवून लिहायचं. आणि कार्तिकीला मठात आणून दाखवायचं. मोडी वाचायला गुरुजी तयार आहेत, मोबाईल बघायला आमची नात आहे, हंडा घासायला चिंच तुमच्या परड्यात आहे.

चाळीस वर्षं जे चुकीचं सांगितलं, त्याची तुमच्यापुढं आणि पणजीपुढं क्षमा मागतो. उद्याच्या काल्याला दहीलाह्या कालवायला आईचाच हंडा आहे. जाताना एकदा त्याच्या गळ्याजवळ वाकून बघा. आता नाव स्वच्छ वाचता येतं.

रामकृष्ण हरी.